संपर्कातली माणसं

आजोबांच्या रक्तात औषधांना दाद न देणारी बुरशी सापडली. ती स्पर्शाने पसरते, म्हणून सिस्टर त्यांच्या उशाशी यादी करायला बसल्या.

"महिन्याभरात तुम्हाला कोण कोण भेटून गेलं, आजोबा?"

मुलगा, सून, लेक, जावई, दोन्ही नातवंडं... आजोबांनी सगळ्यांची नावं फोन नंबरांसकट धडाधड पाठ म्हणून दाखवली.

सिस्टरांनी पहिला फोन मुलाला लावला.

"काहीतरी घोळ होतोय तुमचा. बाबांना भेटून आम्हाला तीन वर्षं झाली. बाकीचेही कुणी जात नाहीत."

सिस्टर तणतणतच खोलीत परतल्या. पण त्यांनी तोंड उघडायच्या आतच आजोबा उठून बसले.



"तपासणीला त्यांना यावंच लागेल ना हो, सिस्टर?"