पाचशे शिड्या

चार महिने कारखान्यात रंधा फिरला नव्हता आणि आज पाचशे शिड्यांची ऑर्डर दारात उभी होती. कंत्राटदाराच्या सांगण्यावरून सुताराने हलक्या प्रतीच्या लाकडाची शिडी करून दाखवली, गाठी पुट्टीने बुजवून, रंग मारून. "झकास!" कंत्राटदार खूश झाला. चहाचं विचारायला आलेल्या सुताराच्या बायकोने त्याला डोळ्यांनीच विनवलं, आता आढेवेढे नकोत. त्याने घसा खाकरला. "आमच्याकडे वडिलांपासून रीत आहे, साहेब. शिडी करणारा आधी स्वतः वरपर्यंत चढतो. हिच्यावर चढायला मी धजलो नाही. तुम्ही चढता?" कंत्राटदाराने हसत पहिल्या पायरीवर पाय ठेवला. ती करकरली, तसा त्याने पाय हळूच मागे घेतला. "मी कशाला? चढणारी माणसं वेगळी असतात." बायकोने भिंतीवरची करवत काढून नवऱ्याच्या हातात दिली. "हिचं सरपण करा. आपल्या दोघांचाच चहा ठेवायचाय."