नाव घातलेली ताटं

"आई, घरची भांडी नकोत. सगळ्यांवर तुझं नाव! किती गावंढळ दिसतं!" होस्टेल सोडून पुण्यात भाड्याने फ्लॅट घेताना मृण्मयीने फोनवर ठणकावलं होतं.

मग बाईसाहेबांनी स्वतःच्या हिमतीवर घर सजवलं. खिडकीला दिव्यांच्या माळा आल्या, कोपऱ्यात बीनबॅग आली, भिंतीवर कुणालाच न वाजवता येणारी गिटार आली. बादली तेवढी राहून गेली. उरल्यासुरल्या पैशांत जुन्या बाजारातून किलोवर सहा ताटं उचलली.

रविवारी आई सांगलीहून आली. मृण्मयीने कौतुकाने पिठलं-भात केला. जेवायला बसताना आईने सवयीने ताट उपडं करून मागचं नाव वाचलं.

"कैलासवासी नरहरी लिमये यांच्या स्मरणार्थ."

मृण्मयीने घाईघाईने आपलं ताट उलटलं. तिथेही लिमयेच होते.

"छान," आई म्हणाली. "आईचं नाव गावंढळ, लिमयांचं चालतं."

"तुझी भांडी पाठव ना गं," मृण्मयी पुटपुटली.

आईने शांतपणे ताटात भात वाढून घेतला.

"घाई कसली? माझ्याही नावाआधी कैलासवासी लागू दे. मग तीही मिळतील तुला, किलोवर."