पालथी पाटी

काका लांबून दिसले तशी कलावतीने कांद्याच्या ढिगावरची दराची पाटी पालथी घातली. पाटीवर सत्तर लिहिलं होतं.

"काय भाव आज?" काकांनी विचारलं.

"चाळीस."

काकांनी मोबाइलवर काहीतरी टिपलं. खांद्यावरची कापडी पिशवी आजही रिकामीच होती.

तीन महिने हेच चाललं होतं. दर शुक्रवारी काका नौपाड्याच्या या गल्लीत यायचे, भाव विचारायचे आणि हात हलवत परत जायचे. एवढा शिकलासवरलेला माणूस, आणि अर्धा किलो कांदा परवडू नये! कलावतीला फार वाईट वाटायचं. म्हणून ती तोटा सोसायची तयारी ठेवून त्यांना कमी भाव सांगायची. तरी घ्यायचे नाहीत ते नाहीतच.

तिचं स्वतःचं तरी कुठे बरं चाललं होतं? कल्याणच्या घाऊक बाजारातच कांदा साठच्या वर गेलेला. गिऱ्हाईक पाव किलोवर आलं होतं आणि उरलेल्या मालाला कोंब फुटत होते. सरकार गोदामातला कांदा बाजारात सोडणार, मग भाव उतरणार, असं रोज ऐकू यायचं. दुसऱ्या शहरांत सोडलासुद्धा. इथेच का नाही, हे काही तिला उमगत नव्हतं. आणखी पंधरा दिवस असेच गेले तर तिला गाशा गुंडाळावा लागणार होता.

आज मात्र तिला राहवलं नाही. "काका, राग नका मानू. पण तुम्ही कांदा कधी घेत का नाय?"

काका हसले. "घरी आहे की. मी सरकारसाठी भाव नोंदवतो. या गल्लीतली तीन दुकानं मला नेमून दिली आहेत. आमच्या आकड्यांत भाव भडकलेला दिसला की वरचे लोक गोदाम उघडतात. आधी बोललो नाही, कारण कळलं की लोक भाव वाढवून सांगतात."

कलावतीने पाटी उचलून त्यांच्यापुढे धरली. "सत्तर लिहा, काका. माझंच चुकलं."

"एका दुकानाने काय होणार, ताई? बाकी दोघांकडेही चाळीसच्या आसपासच असतो."

"असं कसं? आम्ही तिघं एकाच टेम्पोतून माल आणतो!"

तिने वळून पाहिलं. शेजारी रमाबाईच्या ढिगावरची पाटी पालथी होती. पलीकडे भिवाचीही.