बार्करांचं घराणं

"आणि मूळचे कुठले तुम्ही?" अळूवडी डॅनियलच्या ताटात वाढत निशिकांतने इंग्रजीत विचारलं.

हे त्याचे ठरलेले प्रश्न. आडनाव काय, मूळचे कुठले, आजोबा काय करायचे. निम्मं आयुष्य सिंगापूरच्या बँकेत गेलं, मुली इथेच वाढल्या, तरी सवय सुटली नव्हती. तो जातपात मानत नसे. फक्त विचारून ठेवत असे.

आज मात्र विचारण्यात नुसतं कौतुक होतं. थोरल्या गार्गीने इंग्रज मुलगा निवडल्याचं कळलं तेव्हा तो दोन दिवस गप्प होता. मग पुण्याला फोन करून "घराणं जुनं आहे म्हणे" असं सगळ्यांना सांगत सुटला. आज डॅनियल पुंगोल भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर पहिल्यांदाच जेवायला आलेला. दारात काढलेले त्याचे कातडी बूट निशिकांतने स्वतःच्या हाताने उचलून रॅकवर ठेवले होते. ताटात मीठ वाढण्यापासून सगळं आज तोच करत होता. मेधा, त्याची बायको, नुसती बघत होती.

टेबलाच्या टोकाला धाकटी अनुया बसली होती. गेल्या दिवाळीत तिने प्रबोधला याच टेबलावर जेवायला आणलं होतं. सिंगापूरमध्येच, यिशुन भागात राहणारा, सॉफ्टवेअरमधला, सालस मुलगा. त्याने सगळ्या प्रश्नांची सरळ उत्तरं दिली. आजोबा गावाकडे कातडी कमावायचे, म्हणाला. दुसऱ्या दिवशी निशिकांतने अनुयाला सांगितलं, "मुलगा गुणी आहे गं, पण पत्रिका जुळत नाही." प्रबोधची पत्रिका कुणी मागितलीसुद्धा नव्हती. अनुयाने वाद घातला नाही. तिने घरात बोलणंच कमी केलं.

"यॉर्कशरचे," डॅनियल म्हणाला. "आमचं आडनावच सांगतं आम्ही कोण ते."

"सांगा, सांगा!" निशिकांत खुर्चीत पुढे सरकला. "बार्कर म्हणजे जहागीरदार वगैरे का?"

डॅनियलला हसू फुटलं. "छे हो! बार्क म्हणजे झाडाची साल. ओकची साल कुटून खड्ड्यातल्या पाण्यात टाकायची आणि त्यात जनावरांची कातडी महिनोन्‌महिने भिजत घालायची. ते काम करणारा तो बार्कर. पिढ्यान्‌पिढ्या कातडीच कमावली आम्ही."

निशिकांतचा घास हातातच राहिला.

डॅनियलला चेव आला होता. "वस्ती गावाबाहेर, नदीच्या खालच्या अंगाला. त्या वासाला गावात कोण राहू देणार? कातडं मऊ करायला कुत्र्याची विष्ठासुद्धा वापरायचे. जेवताना सांगू नये खरं तर. पणजोबांपर्यंत हेच चालू होतं. आजोबांनी ते सोडलं आणि बूट शिवायला लागले. दारातले ते बूट त्यांनीच शिवलेत."

निशिकांतला जोराचा ठसका लागला. गार्गीने पाण्याचा पेला पुढे केला. "पाणी प्या, बाबा. सावकाश."

"मग तुमच्याकडे लग्नं कशी जमायची?" अनुयाने डॅनियलला विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे, लोक नाही म्हणायचे का?"

"कशासाठी?" डॅनियलला प्रश्नच कळला नाही. "माझी पणजी तर चर्चमधल्या पाद्र्याची मुलगी होती."

"वा," अनुया मराठीत म्हणाली. "पत्रिका जुळली असणार."

डॅनियलने गार्गीकडे पाहिलं. "काय म्हणाली ती?"

"नथिंग, लाह," सिंगापुरी ढंगात अनुयानेच उत्तर दिलं आणि पुढ्यातला भात कालवायला घेतला. तिची बोटं नुसतीच ताटात फिरत होती.

निशिकांतने आपल्या हातांकडे पाहिलं. याच हातांनी बूट उचलले होते. आता किळस येईल, असं त्याला वाटलं. ती आली नाही. त्याने डॅनियलकडे पाहिलं. तो अजूनही त्याला तितकाच खानदानी दिसत होता. गार्गीला नाही म्हणावं, असं या क्षणीही त्याच्या मनात येत नव्हतं. हे लक्षात आलं आणि तो मुळापासून हादरला. काम तेच होतं. गावाबाहेरची वस्ती तीच होती. मग दिवाळीत याच खुर्चीवर बसलेल्या त्या पोराचं आपल्याला नेमकं काय खटकलं होतं? उत्तर त्याला ठाऊक होतं. स्वतःपाशीसुद्धा ते उच्चारण्याची त्याची छाती होईना.

मेधा उठली. स्वयंपाकघरातून तिने आणखी एक ताट आणलं आणि निशिकांतच्या शेजारी, रिकाम्या खुर्चीपुढे मांडलं.

"यिशुनहून यायला वेळ लागेल प्रबोधला," ती अनुयाला म्हणाली. "आत्ताच फोन कर. वड्या आहेत अजून."

अनुयाने फोन हातात घेतला, पण लावला नाही. ती बाबांकडे बघत राहिली.

निशिकांतने डाव्या हाताने मिठाची वाटी जवळ ओढली आणि त्या कोऱ्या ताटात चिमूटभर मीठ वाढलं. निम्मं मीठ टेबलावरच सांडलं.