सापडत नाही

लोकांच्या बाळांची झबली शिवणारी ती समुपदेशक ताईंसमोर श्वास रोखून बसली होती. एचआयव्हीची एकही गोळी तिने चुकवली नव्हती. ताई संगणकाकडे बघत पुटपुटल्या, “सापडत नाही.” ती खुर्चीतून उठलीच. “अहो, रिपोर्ट हरवला कसा? पुन्हा रक्त घ्या!” ताई खदखदून हसल्या. “अगं वेडे, रिपोर्ट समोरच आहे. रक्तात विषाणू सापडत नाही, इतका कमी झालाय! गोळ्या घेत राहिलीस, तर नवऱ्याला लागण नाही, बाळालाही धोका नावापुरता. आता मूल नको म्हणून बसवलेली तांबी ठेवायची की काढायची? तू म्हणशील तसं.” तू म्हणशील तसं! असं तिला कुणी म्हटलंच नव्हतं. “काढा!” थोड्याच वेळात नर्सच्या ट्रेमध्ये तांबी टणकन वाजली. एवढ्याशा तारेने पाळणा अडवला होता! ती धावतच बाहेर आली. बाकावरचा नवरा ताडकन उठला. “काय सापडलं?” “काहीच नाही! आता पाळणा शोधायला लाग.”