फाइलवरचा निरोप

धुळाप्पांनी डॉक्टरांच्या टेबलावरचा प्लास्टरचा जबडा उचलला, उजेडाकडे धरला आणि ओठ मागे सारायला सवयीने अंगठा पुढे नेला. ओठ नव्हताच.

"ह्यो चार दाती बी न्हाय आनि सहा दाती बी न्हाय, डॉक्टर. बाजारात कोन घेनार न्हाय ह्याला."

"माणसाचा आहे, आजोबा," डॉक्टर बसवेश म्हणाले.

"तरीच!"

विजयमालाला हसू आलं आणि तिचा हात तोंडावर गेला. शाळेपासूनची सवय. वरचा सुळा शेजारच्या दातावर चढलेला होता. पंधरा वर्षं ती सोलापुरात कॉलेजात मराठी शिकवत होती. वर्गात हशा पिकला की अजूनही हात आधी वर जायचा. चाळिशीला आल्यावर तिने दात सरळ करून घ्यायचं मनावर घेतलं होतं.

धुळाप्पा तिचे वडील. माळशिरसकडच्या माळावर त्यांचा जन्म मेंढरांमागे गेला. तोंड उघडून, दात मोजून मेंढराचं वय सांगावं ते त्यांनीच. आदल्या दिवशी ते लेकीकडे आले होते. "दातांचं काम हाय म्हनल्यावर मी येनारच की," म्हणत घोंगडं खांद्यावर टाकून तिच्याआधी रिक्षात जाऊन बसले.

दवाखान्यात शिरल्या शिरल्या नोंदणीच्या टेबलाशी कामाला तिची जुनी विद्यार्थिनी वैष्णवी निघाली होती. तिने धुळाप्पांच्या तांबड्या मुंडाशाकडे पाहिलं.

"मॅडम, हे कोण?"

"गावाकडचे आहेत."

वाक्य खरं होतं, म्हणूनच इतक्या सहज निघालं. मागे धुळाप्पा भिंतीवरचं दातांचं चित्र बघत उभे होते.

आत डॉक्टरांनी तिच्या तोंडात छोटा कॅमेरा फिरवला. मग दोन्ही उपाय सांगितले. तार बसवली तर काम खात्रीचं, पण दीड वर्ष सगळ्यांना दिसणार. दुसरे पारदर्शक साचे. दिवसाचे बावीस तास घालायचे, जेवताना काढायचे. वेळ थोडा जास्त लागेल.

"पण लावलेत हे कुणाला कळणार नाही," ते म्हणाले आणि त्यांनी पडदा वळवला.

पडद्यावर तिचेच दात होते. डॉक्टरांनी बटण दाबलं तसे ते हलू लागले. सुळा वळला, खाली उतरला, शेजारच्याने जागा दिली. दीड-दोन वर्षं अर्ध्या मिनिटात सरली.

धुळाप्पा खुर्चीतून उठले.

"दात हाडात रुतल्यात की. सरकनार कसं?"

"हळूहळू दाब दिला की पुढचं हाड विरतं, आजोबा. मागे नवं भरत येतं."

"हाड वाट देतंय व्हय?" त्यांनी पडद्याला हात जोडले. "बाई, बगा की! हाड वाट देतंय!"

एरवी ते तिला माले म्हणायचे. इथे बुजले असतील, असं तिला वाटलं.

ती शेजारच्या खोलीत एक्स-रे काढायला गेली. परत आली तेव्हा धुळाप्पा घोंगडं सावरून बसले होते आणि डॉक्टर फाइलवर काही लिहीत होते. एक्स-रे बघून पुढच्या आठवड्यात ठरवू, असं म्हणाले. तिचं न दिसणाऱ्या साच्यांचं ठरलेलंच होतं.

संध्याकाळी तिने त्यांना एसटीत बसवून दिलं. खिडकीतून ते म्हणाले, "लई नवल हाय, माले. एवढं टनक हाड, पर वाट देतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरं सोडता सोडता ते दगडावर टेकले, ते उठलेच नाहीत.

सव्वा महिना झाल्यावर ती पुन्हा दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी फाइल उघडली.

"वडील गेल्याचं वैष्णवीकडून कळलं. वाईट वाटलं. मी त्यांना पाहिलं नाही कधी, पण त्यांचा निरोप इथे लिहून ठेवलाय. त्याप्रमाणेच करू ना?"

"कुणाचा निरोप?"

"तुमच्या वडिलांचा. ते गावाकडचे आजोबा घेऊन आले होते ना? तुम्ही एक्स-रेला गेलात तेव्हा त्यांनी सांगितला." डॉक्टर आठवून आठवून त्यांच्याच बोलीत बोलू लागले. "'बाईंच्या वडलांनी सांगितलंय, पोरीला ल्हानपनापास्नं दातांची लाज वाटती. हसताना हात धरती. आता तारंची आनि लाज नको. न दिसनारंच बसवा.' मी म्हटलं, वडील स्वतः का नाही आले? तर म्हणाले, 'आलं असतं, पर मेंढरं कुनावर सोडनार?'"

विजयमाला फाइलकडे बघत राहिली. निळ्या शाईतली एकच ओळ होती: वडिलांचा निरोप – न दिसणारे.

म्हणजे 'गावाकडचे आहेत' हे त्यांनी ऐकलं होतं. ऐकून घोंगडं सावरलं होतं, जबड्याची थट्टा केली होती, पडद्याला हात जोडले होते. ती शेजारच्या खोलीत असताना स्वतःच्या लेकीचे कुणी न होता तिच्यासाठी बोलले होते. तोंडं उघडून वाचणाऱ्या त्या माणसाला तिचं मिटलेलं तोंडही वाचता येत होतं. तिला त्या माणसाची थोरवी पेलेना. हात सवयीने ओठांकडे निघाला होता. तिने तो खाली घेतला.

"तार बसवा, डॉक्टर."

"तार? पण तुमच्या वडिलांचा निरोप..."

"निरोप नव्हता तो," ती म्हणाली. दार उघडं होतं आणि बाहेर वैष्णवीला ऐकू जाईल एवढा तिचा आवाज मोठा होता. "माझे वडील स्वतः आले होते."