चौदावं नाणं

यदुल्लाने जेवणाच्या दस्तरखानावरची रोट्यांची चवड बाजूला सारली आणि सोन्याची चौदा नाणी एका ओळीत मांडली. प्रत्येक नाणं सोनाराने पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद केलेलं, वर सालाची चिठ्ठी. चौदावं त्याने आज दुपारीच आणलं होतं. मग तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला आणि बायकोच्या चेहऱ्यावर आनंद कधी उमटतो याची वाट पाहू लागला.

ताहिरेने चहाचा पेला खाली ठेवला. "हे काय?"

"तुझं मेहेर. मी तुला द्यायची म्हणून निकाहनाम्यात चौदा लिहिली होती ना? तेवीस वर्षं जमेल तसं एकेक घेत गेलो. बघ, पुरी झाली!"

"आणि ठेवली कुठे होती?"

"जुन्या रेडिओच्या पोटात."

"अहो, तो रेडिओ मी दोनदा भंगारवाल्याच्या गाडीवर चढवला होता!"

"म्हणून तर दोनदा धावत जाऊन उतरवला."

ताहिरे हसली नाही. यदुल्ला जरा चपापला. टपाल कचेरीत उभी हयात गेलेला माणूस तो; समोरचा गप्प बसला की हा आपला माहिती देत सुटायचा. "पहिलं घेतलं तेव्हा एका पगारात एक सहज येत होतं. आता चार पगार ओतले तरी एक येईल की नाही, सांगता येत नाही. नोटांवरची शून्यं वाढत जातात, हे आपलं तसंच राहतं. विकू मात्र नकोस. दहा वर्षांनी माझी आठवण काढशील."

ती एकेका पाकिटावरचं साल वाचत होती. "हे बघा. या वर्षी माझी दाढ ठणकत होती. तुम्ही म्हणालात, पुढच्या महिन्यात बघू."

"हो, पण..."

"आणि हे, माझ्या भाचीचं लग्न झालं त्या वर्षीचं. मी जुनाच कोट उलटून शिवून घातला होता." तिने ते पाकीट जागच्या जागी ठेवलं. "म्हणजे माझं मेहेर मीच भरलं की!"

यदुल्लाच्या डोक्यात काही शिरेना. त्यानेही सात हिवाळे एकाच बुटांच्या जोडावर काढले होते, पण ते आता सांगावं की नाही हे त्याला ठरवता येईना. आपण नेमकं काय चुकलो?

"अहो, खरं सांगा," ती हळूच म्हणाली. "डॉक्टरांनी काही सांगितलंय का तुम्हाला?"

"छे! ठणठणीत आहे मी."

"मग ती कोण?"

"ती कोण?" यदुल्लाने खरोखरच दाराकडे वळून पाहिलं.

आता हिला शांत करायचं तर सगळं रीतसर दाखवावं, असं त्याला वाटलं. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "हे वाच. 'चौदा नाणी पोचली.' खाली तू सही कर. शनिवारी निकाहाच्या कचेरीत नोंदवून टाकू, की मोकळे."

"कोण मोकळं?"

मेहेर पुरतं चुकतं करणारे नवरे यदुल्लानेही गावात पाहिले होते. सगळे कोर्टात, काडीमोड घ्यायला आलेले. कारण बायकोला सोडायचं तर आधी मेहेर मोजावं लागतं. हे त्याला आत्ता, कागद पुढे केल्यावर आठवलं.

"अगं, तसं नाही!" त्याचा आवाज फाटला. "तुझं देणं डोक्यावर घेऊन मरायचं नाही मला. एवढंच होतं माझ्या मनात. देवाशपथ एवढंच!" तेवीस वर्षांच्या संसारात त्याला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून ताहिरेचा चेहरा सैलावला.

"वेडे आहात तुम्ही," ती म्हणाली. "अहो, आपलं भांडण होतं ना, तेव्हा मी कुशीवर वळून खुशाल झोपते. म्हणते, हा जातोय कुठे? चौदा नाणी आणणार कुठून? आणि तुम्ही ती रेडिओत घालून बसलात!"

तिने कागद ओढून घेतला. त्याच्या खिशातलं पेन काढलं. 'चौदा'वर आडवी रेघ मारून वर 'तेरा' लिहिलं आणि खाली ठसठशीत सही केली. मग ओळीतलं एक नाणं, कुठलं ते न पाहता, उचलून त्याच्या हातावर ठेवलं.

यदुल्ला त्या नाण्याकडे पाहतच राहिला. "अगं, पण हे तुझं आहे."

"माझंच आहे."

"मग मी द्यायचं कधी?"

"मी मागेन तेव्हा," ती नाणी ओटीत भरत म्हणाली. "आणि मी मागत नाही तोवर संध्याकाळी वेळेवर घरी येत जा."